शिष्यवृत्तीचा अर्ज मुलांचा, कागद आईबाबांचे

इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला नंबर लागला, की पेढ्यांच्या पाठोपाठ घरात फीचा विषय निघतो. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुलं मोबाईलवरही भरतात आणि पालकांना वाटतं, आपलं काम संपलं. पण अर्ज अडतो तो बहुधा पालकांच्याच कागदांवर.

आपल्याला कोणती योजना?

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कॉलेजच्या खिडकीवर तिला आजही ‘ईबीसी’च म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं निम्मं शिक्षणशुल्क सरकार भरतं. लाभ एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. २०२४-२५ पासून मुलींना ही सवलत शंभर टक्के झाली. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्यापुढच्यांनी फ्रीशिपची चौकशी करावी.

दोन गोष्टी प्रवेशाच्या गडबडीत कोणी सांगत नाही. ईबीसीसाठी प्रवेश कॅप राउंडमधूनच झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेतली की ही सवलत विसरायची. आणि ‘फी माफ’ म्हणजे सगळीच फी नव्हे. विकास शुल्क, मेस, पुस्तकं आपल्याच खिशातून. वसतिगृहाच्या खर्चाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांनी तो जरूर बघावा.

उत्पन्नाचा दाखला

खरी मेख इथे आहे. दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणजे गेल्या वर्षीचा जपून ठेवलेला दाखला यंदा कामाचा नाही. जूनमध्ये सेतूत रांगा लागतात, म्हणून निकालाची वाट न बघता एप्रिल-मे मध्येच अर्ज टाकावा. तिथेच डोमिसाईलचंही उरकून घ्यावं. रेशन कार्ड, आधार आणि दहावीची मार्कशीट समोरासमोर ठेवून नावं ताडून बघा: एकीकडे ‘दत्तात्रय’, दुसरीकडे ‘दत्ता’ असेल, तर दुरुस्ती आत्ताच करायला हवी.

खातं मुलाचं, पैसे कोणाचे?

शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. बँकेत केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी खातं आधारशी जोडणं वेगळं, हे बँकेत स्पष्ट विचारा. दोन खाती असतील, तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि मुलगा दुसऱ्याच पासबुकात शोधत बसतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो. त्यातली शिक्षणशुल्काची रक्कम कॉलेजची असते, नव्या मोबाईलची नव्हे. हे पैसे जमा व्हायच्या आधीच घरात बोललेलं बरं.

अर्ज परत आला तर

अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग विभागाकडे जातो. त्रुटी असली की तो परत येतो, मुदत चालूच राहते आणि मूल परीक्षेत असतं. आठवड्यातून एकदा ‘स्टेटस बघितलंस का?’ एवढं विचारायला संगणक यावा लागत नाही. अर्जाचं दरवर्षी नूतनीकरणही असतं.

कर्ज घेताना

उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज. सहकर्जदार म्हणून सही पालकांची, तेव्हा आकडे स्वतः मांडा. दरवर्षी १ लाख असे चार वर्षांत ४ लाख उचलले, व्याज सरळ १० टक्के धरलं आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत मिळाली, तर हप्ता सुरू होईतो १ लाख ४० हजार व्याज चढलेलं असतं. शिक्षण चालू असताना निदान व्याज भरत राहिलं तर हा बोजा साचत नाही; पहिल्या वर्षी ते महिन्याला साधारण ८३० रुपये होतं. नामांकित संस्थेत प्रवेश असेल तर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा: उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळते. भरलेल्या व्याजावर कलम ८०ई खाली आयकरात वजावट आहे, मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.