'प्लाझ्मा पेन' मागवण्याआधी: कोल्ड प्लाझ्मा म्हणजे नक्की काय?

चामखीळ आणि तीळ घालवणारा 'प्लाझ्मा पेन' तुमच्या रील्समध्ये एव्हाना येऊन गेला असेल. आमच्या बार्शीटाकळीच्या मित्रांच्या ग्रुपवरही त्याची लिंक फिरली. सोबत एक बातमी होती, जर्मनीत डॉक्टर प्लाझ्मानं जखमा बऱ्या करतात म्हणे. बातमी खरी आहे. पण तिच्यातला प्लाझ्मा वेगळा आणि लिंकमधला पेन वेगळा.

वायूला भरपूर ऊर्जा दिली की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा झाला प्लाझ्मा. (पीआरपी ट्रीटमेंटमधला प्लाझ्मा रक्तातला, त्याचा इथं काही संबंध नाही.) पावसाळ्याच्या तोंडावर कडाडणारी वीज हाही प्लाझ्माच, तो झाड जाळतो. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्येही प्लाझ्मा असतो, पण काच जेमतेम कोमट लागते. तिच्यातले इलेक्ट्रॉन सुमारे दहा हजार अंशांवर असतात, मात्र ते इतके हलके की जड अणूंना धडकूनही त्यांना फारसं तापवू शकत नाहीत. इलेक्ट्रॉन गरम, वायू गार, म्हणून 'कोल्ड'.

ट्यूबमधून हवा जवळपास काढून टाकलेली असते. त्वचेसाठी हेच उघड्यावर जमवायचं म्हणजे अवघड काम. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या 'किनपेन मेड' या उपकरणात आर्गॉन वायू विजेच्या जोरदार दाबातून जातो आणि टोकाशी बारीकशी ज्योत दिसते. तिचं तापमान साधारण ४० अंशांच्या आत राहतं. ती हवेला भिडली की ऑक्सिजन-नायट्रोजनचे चटकन क्रिया करणारे कण तयार होतात. ते जंतूंना मारतात आणि योग्य मात्रेत जखम भरायला चालना देतात. युरोपात याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली.

२०२० मध्ये मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण मोजकेच होते, पण प्लाझ्मा घेतलेल्यांच्या जखमा लवकर लहान झाल्या. गंमत म्हणजे जंतू कमी होण्यात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. पिंपल्स, एक्झिमा वगैरेंवरचे प्रयोग अजून सुरुवातीचे आहेत. मला यात दम वाटतो, पण सध्या तरी तो जखमांपुरताच.

आता तो पेन. त्याच्या टोकातून त्वचेवर ठिणगी उडते आणि तेवढी जागा जळते. म्हणजे हे छोटं वेल्डिंगच! आपल्या सावळ्या त्वचेवर अशा भाजण्याचे काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. त्याहून वाईट म्हणजे तो तीळ कॅन्सरचा असला, तर तपासणीला पाठवायचा तुकडाच जळून जातो.

लिंक उघडलीत तर वापरानंतरचे फोटो बघा. काळे ठिपके आणि खपल्या दिसल्या, तर तो कोल्ड प्लाझ्मा नाही. तिळाचा रंग किंवा आकार बदलत असेल, तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी गाठा. बार्शीटाकळीहून तिथं जायला तासभरही लागत नाही.