बाहियाचे गाव आणि चौथी सीट

स्वतःविषयी गैरसमज करून घेण्याची कला माणसाला शिकवावी लागत नाही. ती उपजतच असते. आणि चार लोक आदराने नमस्कार करू लागले, की ती चांगलीच बहरते. या कलेचा एक अव्वल दाखला आपल्या वसई-विरारच्या मातीतला आहे, हे नालासोपाऱ्याच्या फलाटावर रोज उभे राहणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल?

नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूप उत्खननाने उजेडात आणला. ‘उदान’ या पाली ग्रंथात याच शूर्पारकी समुद्रकाठी राहणाऱ्या बाहियाची कथा आहे. लोक त्याला मान देत, अन्नवस्त्र पुरवीत. साहजिकच एके दिवशी त्याच्या मनात आले, की जगात जे कोणी अर्हत आहेत, त्यांपैकी आपणही एक असू काय? तेव्हा पूर्वी त्याची नातलग असलेली एक देवता कळवळ्याने आली आणि तिने साफ सांगितले, की तू अर्हत तर नाहीसच. त्या वाटेलाही लागलेला नाहीस.

देवता नातलग होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परके नमस्कार करून मोकळे होतात. खरे बोलण्याचे अप्रिय काम घरच्यांवर पडते. अशा देवता आपल्याही घरी असतात. मात्र त्यांनी तोंड उघडताच आपल्याला वर्तमानपत्राची आठवण होते. बाहियाने वाद घातला नाही. खरा अर्हत कोठे भेटेल, एवढेच विचारून तो तडक श्रावस्तीस निघाला. बुद्ध भिक्षेस निघाले होते. ही वेळ नव्हे, असे त्यांनी दोनदा सांगितले. आयुष्याचा काय भरवसा, म्हणून बाहियाने तिसऱ्यांदा विनविले. तेव्हा मिळालेल्या उपदेशाचा मथितार्थ असा, की पाहावे ते नुसते पाहावे, ऐकावे ते नुसते ऐकावे. त्यात ‘मी’ घुसडू नये.

या उपदेशाचा सराव करण्यास विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या सकाळच्या लोकलसारखी दुसरी पाठशाळा नाही. फलाटावरून ‘आत सरका, पुष्कळ जागा आहे’ असे ओरडणारा गृहस्थ पाऊल आत पडताच ‘जागा आहे कुठे?’ असे विचारू लागतो. दोन क्षणांत डबा आकसलेला नसतो. मोजणारा ‘मी’ तेवढा आत आलेला असतो. तिघांच्या बाकावर ऐसपैस बसलेल्यालाही चौथी सीट मागणारा उपरा वाटतो. काल आपणच चौथे होतो, हे त्याच्या गावीही नसते. बाकाचे हे तत्त्वज्ञान गावालाही लागू पडते. काल येथे घर घेतलेला माणूस आज ‘बाहेरची वस्ती फार वाढली’ म्हणून हळहळतो.

आत्मपरीक्षणाने गाड्या वाढत नाहीत, हे कबूल. त्या रेल्वेनेच वाढवावयास हव्यात. पण दारात लोंबकळणाऱ्याच्या दृष्टीने आतल्याने सोडलेली वीतभर जागा हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. तेवढे सरकण्यासाठी अर्हतपद लागत नाही. आपणही काही वेळापूर्वी दारातच होतो, एवढे आठवले तरी पुरते.

बाहियाला एका सांगण्यात उमगले. आपल्याला बहुधा शंभरदा सांगावे लागेल. हरकत नाही; उद्याची गाडी आहेच.