हिंगण्याच्या वाटेवरची पंचवीस वर्षं

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्यात आले ते १८९१ साली. त्याच वर्षी पत्नी राधाबाई गेल्या. तिथून १९१६ पर्यंतच्या पंचवीस वर्षांकडे मला पुन्हा पुन्हा वळून पाहावंसं वाटतं. मनाचं बळ कशाला म्हणावं, हे त्या काळात फार स्वच्छ दिसतं.

माणूस मुलखाचा भिडस्त. सभा गाजवणं त्यांना जमणारं नव्हतं. चिकाटी मात्र मुरुडपासूनची, म्हणजे गावाकडच्या लहानपणापासूनची. ऐन पोरवयात एका परीक्षेसाठी ते घाट तुडवत पायी साताऱ्याला गेले आणि सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून तसेच परत पाठवले गेले. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष लागलं.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरुडने वाळीत टाकलं. मुलगा घरी राहिला तर आईही वाळीत, अशी तंबी. कर्व्यांनी ते मुकाट्याने सोसलं आणि विधवाविवाहाचं काम चालू ठेवलं. पण पुनर्विवाह किती जणींचे होणार? उरलेल्यांना शिकून स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, हा विचार पक्का झाला तेव्हा १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. साठवलेले हजार रुपये त्यांनी पहिल्यांदा तिथे घातले.

पुण्यात प्लेगने थैमान घातलं. १९०० साली आश्रम गावाबाहेर, हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गोखल्यांनी जमीन दिली, तिच्यावर एक झोपडी उभी राहिली. आजचं गजबजलेलं कर्वेनगर डोळ्यांसमोरून पुसून टाकलं तरच तो एकांत कळेल. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं, मग सामानसुमान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, मुलींना शिकवायचं आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरायची. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव. मला सर्वांत मोठं वाटतं ते हे रोजचं चालणं. एखाद्या दिवशी धैर्य दाखवणं त्या मानाने सोपं असतं.

या बळाची किंमत घरानेही मोजली. पाच हजारांची विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा बायांना, म्हणजे गोदूबाईंना, मुलांच्या काळजीने ते फार लागलं. त्यांचा राग रास्तच होता. आणि बायांची बहीण पार्वतीबाई आठवले? त्याही विधवा, आश्रमात शिकल्या, तिथेच राबल्या आणि निधी गोळा करायला पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. कर्व्यांचं चरित्र सांगताना या दोघी एका ओळीत उरकल्या जातात, हा अन्याय आहे.

१९०७ मध्ये महिला विद्यालय, १९०८ मध्ये या कामासाठी कार्यकर्ते घडवणारा निष्काम कर्ममठ. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं, ते अवघ्या पाच विद्यार्थिनींवर. कर्वे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. शंभरीत भारतरत्न मिळाल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं. हिंगण्याची वर्षं मात्र विसरली जातात. म्हणून वाचकांना एकच विनंती: कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचाल तेव्हा बायांचं ‘माझे पुराण’ही शेजारी ठेवा, आणि दोन्ही पुरती वाचा.