मिठाच्या खड्यातील घन : सोडियम क्लोराइडची स्फटिक-संरचना

प्रस्तावना :
वसई तालुक्यातील सातिवलीजवळच्या राजावली-नायगाव पट्ट्यात खाजण जमिनींवरील मिठागरांची जुनी परंपरा आहे. भरतीचे पाणी उन्हात आटत गेले की प्रथम कॅल्शियमचे क्षार वेगळे होतात. नंतर मीठ खाली बसते व मॅग्नेशियमचे क्षार बहुतांशी उरलेल्या पाण्यात राहतात. या मिठाचे कण भिंगाखाली घनाकृती दिसतात. त्या आकाराचे कारण स्पष्ट करणे व त्या आधारे एका रूढ गैरसमजाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संरचना :
१९१३ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या विवर्तनावरून मिठाची रचना उलगडली. तीत प्रत्येक सोडियम आयनाभोवती ६ क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती ६ सोडियम आयन समान अंतरावर असतात. कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, हे सांगताच येत नाही. म्हणजेच घन मिठात सोडियम क्लोराइडचा स्वतंत्र रेणू नसतो. आपण लिहितो ते सूत्र केवळ प्रमाण दर्शविते. हा निष्कर्ष सहज स्वीकारला गेला नाही. ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्येही ‘नेचर’ नियतकालिकातून त्यास तीव्र विरोध केला होता.

पडताळा :
एकक कोशिकेची बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम असते. तिच्या ८ कोपऱ्यांवरील क्लोराइड आयनांचा प्रत्येकी एक-अष्टमांश व ६ पृष्ठांवरील आयनांचा प्रत्येकी निम्मा भाग धरल्यास ४ क्लोराइड आयन होतात. १२ कडांवरील सोडियम आयनांचा प्रत्येकी चतुर्थांश व मध्यभागीचा एक मिळून सोडियम आयनही ४ होतात. या ४ जोड्यांच्या वस्तुमानास कोशिकेच्या घनफळाने भागल्यास घनता दर घन सेंटिमीटरला २.१६ ग्रॅम येते. प्रयोगाने मिळणारी घनताही हीच आहे. कोशिकेत एकच जोडी असती, तर मीठ पाण्यावर तरंगले असते!

निष्कर्ष :
‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग आजही वर्गात ऐकू येतो. अध्यापकांनी जाड्या मिठाचा खडा विद्यार्थ्यांसमोर फोडावा. तो काटकोनी पृष्ठांनीच दुभंगतो. आयनांची मांडणी डोळ्यांना दिसत नाही, परंतु तिची साक्ष त्या तुकड्यांत मिळते.