सहाशेची गॅस्केट
गॅस्केट सहाशे रुपयांची आणि बिल दहा हजारांच्या पुढे. मधले पैसे कुठे वाढतात ते बघायचं तर मे महिन्यात वर्ध्याच्या नागपूर रोडवरच्या एखाद्या गॅरेजात दुपारभर बसावं. पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि बॉनेट वर करून उभ्या असतात त्या बऱ्याचदा अल्टो, वॅगन आर. वर्षानुवर्षं कुरकुर न केलेल्या गाड्या. कुरकुर नाही म्हणून त्यांचं बॉनेट कोणी उघडत नाही.

त्या दिवशी समोर होती देवळीच्या एका शिक्षकांची २००९ ची अल्टो. नागपूरहून समृद्धीवरून एसी लावून आलेली. आता सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर जमला होता.

"टेम्परेचरचा काटा वर गेला तवाच गाडी बंद कायले नाही केली सर?" मिस्त्रींनी विचारलं.

"समृद्धीवर कुठं थांबू? सावलीले झाड नाही. अन् मग काटा खाली आला ना जी!"

सर फसले ते इथेच. वॉटर पंपातून पाणी ठिबकत होतं. पातळी उतरली, सेन्सर कोरडा पडला आणि काटा खाली आला. इंजिन मात्र तापतच होतं.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर हा धातू लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतो, पण पोलादी बोल्ट त्याला आवळून बसलेले असतात. मोकळं पसरता आलं नाही की हेड वाकतं. हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मध्ये जेमतेम दीड मिलिमीटरची गॅस्केट. तिच्या एका अंगाला दोन हजार अंशांवरचा जाळ आणि दुसऱ्या अंगाला पाणी.

हेड उतरलं. सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमधल्या चिंचोळ्या पट्टीवर गॅस्केट जळून काळी वाट पडली होती. पोऱ्याने हेड उलटं करून खरवडून पुसलं. मिस्त्रींनी त्यावर सरळ पट्टी तिरपी धरली आणि खालून फीलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवलं. गेलं. मग ०.१० चं. तेही मधोमध आत शिरलं. एवढ्याशा फटीपायी हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला निघालं. भेग असती, किंवा घासायला जागाच उरली नसती, तर दुसरं हेड घ्यावं लागलं असतं आणि मग गाडी विकायचा विचार आधी आला असता.

इंजिन तापण्यावरून मला बजाज आठवली. वर्ध्याच्या सेठ बच्छराजांच्या नावाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघालं, त्याचीच पुढे बजाज ऑटो झाली. तिच्या जुन्या चेतकला रेडिएटरच नव्हता. इंजिन हवेवर थंड व्हायचं. वर्ध्याच्या उन्हाचा अनुभव कामी आला असावा, असं मी उगाच म्हणून बघितलं. मिस्त्री हसले नाहीत. ते मजुरी मांडत होते.

गॅस्केट ६००, फेसिंग ९००, व्हॉल्व्ह सील ४००, टायमिंग बेल्ट ७००, वॉटर पंप १,३००, रेडिएटरची सफाई आणि नवं झाकण ७००, ऑइल-फिल्टर १,४००, कूलंट ६००, मजुरी ४,०००. एकूण १०,६००. बेल्ट अजून चालला असता, पण हेड उतरवायला तो काढावाच लागतो. मग जुना परत कशाला चढवायचा? झाकणाचंही तसंच. ते दाब धरतं म्हणून पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. ते ढिलं पडलं तर नवी गॅस्केटही जायची. काटा पहिल्यांदा चढला तेव्हाच गाडी कडेला घेतली असती तर बहुधा पंप आणि कूलंटवर भागलं असतं.

सरांनी मान्य केलं सगळं, अडले ते कूलंटपाशी. "सहाशे कायचे? पाणी टाका ना. आमच्या बोअरचं गोड आहे."

मिस्त्रींनी काढलेला पंप त्यांच्या हातात दिला. पात्यांच्या कडा गंजून खाल्लेल्या, मुळाशी पांढरा क्षार दगडासारखा घट्ट बसलेला. "हे तुमचं गोड पाणी."

सरांनी नखाने क्षार खरवडून पाहिला. निघाला नाही. "टाका मग," म्हणाले, आणि मजुरीतले पाचशे तेवढे कमी करून घेतले.