मूळ रंगाचे मुद्दल

शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली फियाट आजही काही घराण्यांनी जपली आहे. तिच्यावर ओरखडा उमटला, की संपूर्ण दरवाजा रंगवून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. कारखान्यातील रंग एकदाच लाभतो. संग्राहक त्याचेच मोल करतात.

प्रथम ओरखड्यावरून हळुवार नख फिरवावे. ते अडकले नाही, तर हाताने केलेले सौम्य पॉलिश बहुधा पुरते. अडकले, तर जुळता रंग बारीक कुंचल्याने केवळ त्या रेषेत भरावा. पत्रा उघडा पडला असल्यास गंज धरण्यापूर्वी प्रायमर लावावा.

पॉलिश करताना फडक्यावर उतरणारा रंग म्हणजे मुद्दलातून केलेली उचलच होय. ती पुन्हा जमा होत नाही.