खाजणातील पाठ

किनाऱ्यालगतच्या शाळेत ‘आपल्या गावची पडीक जमीन कोणती?’ असे विचारले, तर मुले बहुधा खाडीकाठच्या चिखलाकडे बोट दाखवितात. शाळाभेटींत हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. दोष मुलांचा नव्हे. वडीलधारी माणसेही तसेच म्हणतात. ही समजूत दूर करणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

खाजणातील तिवर, कांदळ, चिप्पी ही झाडे खाऱ्या पाण्यात वाढतात. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीप्रमाणे वर येऊन श्वसन करतात. कांदळाची आधारमुळे कमानीसारखी पसरतात. या जाळ्यात लाटेचा जोर मोडतो, गाळ अडतो व मागील खारबांधाला संरक्षण मिळते. बांध फुटून खारे पाणी खाचरांत शिरले, तर क्षार धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाही. याच मुळांच्या आश्रयाने कोळंबी, चिंबोऱ्या व माशांची पिले वाढतात; बगळे, खंड्या व हिवाळी पाहुणे पक्षी येथेच पोट भरतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तो उगाच नव्हे.

उथळ समुद्राच्या तळाशी असेच उपकारक कुरण असते. समुद्रगवत हे शेवाळ नसून मुळे, पाने व फुले असणारी वनस्पती आहे. तेही गाळ धरून ठेवते व माशांच्या पिलांना आसरा देते. तामिळनाडूलगतच्या पाल्कच्या उपसागरात समुद्रगाय त्यावरच चरते. तिच्यासाठी तेथे २०२२ साली ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव झाले.

हा पाठ फळ्यावर शिकवू नये. भरती-ओहोटीच्या वेळा जाणणारा गावचा मच्छीमार सोबत घ्यावा आणि ओहोटीला मुलांना काठावर न्यावे. एक चौरस मीटर जागेतील श्वसनमुळे त्यांना मोजू द्यावीत. खाडीत पूर्वी काय मिळे व आज काय मिळते, हे घरी आजीला विचारून लिहून आणावयास सांगावे.

मात्र एक दक्षता घ्यावी. ज्या घरी सरपणासाठी तिवर तोडली जाते, त्या घरच्या मुलाला वर्गात खजील करू नये. त्या घरची चूल पेटली पाहिजे, हे खरेच आहे. पण त्याच घरची खाचरे बांधामागे आहेत. हा संबंध मुलाने स्वतः जोडला, तर तो घरीही बोलेल.

परतल्यावर पहिलाच प्रश्न पुन्हा विचारावा व दोन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहवून घ्यावीत.